काठ कुठे ठेवलास

रंगाच्या दुकानात त्याला सगळे अर्धाथेंब म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि तोही खुशाल ओ द्यायचा. दुकानाच्या मागच्या अंगाला, डब्यांच्या थप्पीआड त्याचं एक टेबल होतं. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, पडद्याची चिंधी घेऊन यायचं. एकजण तर मेलेल्या मांजराचा फोटो घेऊन आला होता आणि त्याला बैठकीची खोली त्या मांजराच्या रंगाची हवी होती. अर्धाथेंब तक्रार करायचा नाही. पांढऱ्या रंगाच्या डब्यात नळ्यांमधले गडद रंग थेंबाथेंबाने सोडायचा, काठीने ढवळायचा, पुठ्ठ्यावर बोट ओढायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो झालं की, हुबेहूब जमलं. हा मान तिरकी करून म्हणायचा, "अजून अर्धा थेंब." अर्धा थेंब म्हणजे काडीचं टोक रंगात बुडवायचं, डब्याच्या कडेला पुसायचं, आणि पुसूनही जे चिकटून राहील तेवढंच ढवळायचं. त्यानं काय फरक पडतो हे साऱ्या जगात फक्त त्यालाच दिसायचं. मांजरवाल्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, म्हणजे कुठेतरी पडत असणार.

ही झाली जुनी गोष्ट. मागली अकरा वर्षं अर्धाथेंब फक्त पांढरा रंग लावत होता. छतं, जिने, दवाखाने, कुंपणाच्या भिंती. दुकानात शेड मिसळायचं मशीन आलं तेव्हा मालकाला वाटलं, हा मशीनवर रुसला. बायकोला वाटलं, नजर गेलीय आणि हे कबूल करायला तयार नाहीत. तिनं त्याला दोनदा डोळे तपासायला नेलं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी त्याचे डोळे वाखाणले, तेव्हा तिनं डॉक्टरांवर संशय घेतला.

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सायीचा रंग मिसळायला घ्यावा, चार वेळा ढवळावं, आणि डब्याच्या तळातून दुसराच रंग वर यावा. निळाही नव्हे, हिरवाही नव्हे. दुपारी साडेचारच्या उन्हात पोहायच्या हौदातल्या पाण्याला असतो, तो. मालक शेजारी उभा राहून म्हणायचा, वा, काय साय जमलीय. याच्या डोळ्यांपुढे मात्र पाणी हलत असायचं. गुलाबी घेतला तरी तोच, बदामी घेतला तरी तोच. शेवटी त्यानं नळ्यांची पेटी फळीवर ठेवून दिली आणि पांढऱ्याशी गाठ बांधून घेतली. पांढऱ्यात काही मिसळावं लागत नाही, म्हणून काही वर येत नाही.

तो रंग कुठला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो त्यानेच केला होता. आणि त्या रंगाच्या जोडीनं एक वाक्य होतं, चार-पाच शब्दांचं, जे एका म्हाताऱ्यानं त्याला म्हटलं आणि त्यानं एकट्यानं ऐकलं. म्हातारा पाचव्या दिवशी गेला. वाक्य अकरा वर्षं अर्धाथेंबाच्या घशात होतं.

तर एका मंगळवारी तो एका शाळेच्या जिन्यात शिडीवर उभा असताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला. या दातांच्या डॉक्टर. पुढे दवाखाना, मागे घर, घराच्या मागे अंगण आणि अंगणात पोहायचा हौद. बाईंनी नमस्कार-चमत्कार केला नाही. हौद पुन्हा भरलाय, म्हणाल्या. रविवारी मुलगी येतेय, पाच वर्षांची नात आहे, तिला पोहायला शिकायचंय. हौदाभोवतीचा कोबा रंगवायचाय. शेड तुम्हीच काढायची.

तो म्हणाला, मी हल्ली पांढराच लावतो.

"पांढरा नको. पुढे एक दवाखाना आहे माझा, मागे दुसरा कशाला?" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, दातवाल्या बाई ना? मग जाताय तसे कवळीचं माप पण देऊन या, सुपारी सुटत नाही तुमची. तो हसला नाही. बायकोनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि डब्यात पोळी जास्त घातली.

बुधवारी दुपारी बाईंनी मागचं दार उघडलं, तेव्हा कुलपाला तेल घालावं लागलं होतं याच्या खुणा दारावर ताज्या होत्या. अकरा वर्षं हे दार बंद होतं. हौद रिकामा करून वर ताडपत्री ओढलेली होती. आता ताडपत्री गुंडाळून भिंतीशी ठेवली होती आणि हौद काठोकाठ भरला होता. भोवतीचा कोबा, चार पावलं रुंद, अजून त्याच रंगाचा होता. ताडपत्रीखालचा भाग तर काल लावल्यासारखा.

अर्धाथेंब दारातच थांबला. त्याला पाणी कुठे सुरू होतं ते दिसेना.

आता अकरा वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. तेव्हा हा कोबा विटांच्या रंगाचा होता, जागोजागी उडालेला. बाईंनी कुठल्याशा मासिकातलं चित्र पाहिलं होतं. त्यात हौद आणि भोवतीची फरशी एकाच रंगाची, जणू अंगणच पाण्याचं. त्यांना तसंच हवं होतं. दुसऱ्या कुणा रंगाऱ्यानं पाण्याचा जवळपास रंग लावून दिला असता आणि पाच पावलांवरूनही फरक दिसला असता. पण इथे गाठ अर्धाथेंबाशी होती. त्याला माहीत होतं की हौदाची फरशी कोरडी कधी बघायची नसते, कारण ती वापरात असते तेव्हा ओली असते. म्हणून तो तांब्या घेऊन बसला. नमुना लावायचा, वाळवायचा, वर पाणी ओतायचं, हौदाकडे बघायचं, पुन्हा अर्धा थेंब. बाई स्वतः जातीच्या शेडवाल्या. दाताच्या रंगाला दात जुळवण्यात त्यांचा हातखंडा. दोघं तीन दुपारी नुसते ओले ठिपके बघत बसले होते. तिसऱ्या दिवशी साडेचारला ओला कोबा आणि पाणी यांच्यामधली रेघ पुसली गेली. बाईंनी टाळी वाजवली होती. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात जमलेली शेड.

बाईंचे सासरे तेव्हा त्यांच्याकडेच असत. बाई त्यांना मामंजी म्हणत, बाकी सगळी आळी घड्याळकाका. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करून डोळे गेलेले. बाटलीच्या बुडासारखा चष्मा, तोही घामानं नाकावरून घसरतो म्हणून फिरताना काढून ठेवायचे. रोज साडेचारला ते हौदाभोवती अनवाणी वीस फेऱ्या मारत. कोबा तापलेला असे म्हणून आधी पायांवर तांब्याभर पाणी ओतून घेत. ओली पावलं उमटत जात. चालायचा वेग त्यांनी घड्याळजीच्या पद्धतीनं बांधून ठेवला होता: पहिलं पाऊल वाळायच्या आत फेरी पुरी झाली पाहिजे. प्रत्येक फेरीला पुन्हा तांब्या. उन्हाळ्यात भरभर, हिवाळ्यात आरामात.

रंगाचं काम संपलं त्या दिवशी अर्धाथेंब दाराशी बसून ब्रश धूत होता. घड्याळकाका ओल्या पायांनी त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. कोब्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, डोळे बारीक केले.

"अरे, काठ कुठे ठेवलास तू?"

अर्धाथेंबाला वाटलं, हे कौतुक. इतकं मोठं कौतुक त्याचं कुणी केलं नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, दिसत नाही ना काका? तीच तर गंमत आहे. म्हातारा दोन पावलांचा ओला ठसा मागे ठेवून आत गेला.

पाचव्या दिवशी ते पलीकडच्या कोपऱ्यावर वळताना वळलेच नाहीत. हौदाच्या पायरीवर डोकं आपटलं. म्हातारा माणूस, पाय घसरला, असं सगळे म्हणाले, आणि नोंदही तशीच झाली. अर्धाथेंब अंत्ययात्रेला गेला होता, शेवटून दुसरा चालत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तो पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिला.

तर बुधवारी तो दारातून पुढे झाला, कारण बाई बघत होत्या. आपल्या हातातच काही खोट असणार म्हणून त्यानं एक शक्कल लढवली होती. चार लहान डबे त्यानं दुकानातल्या मशीनकडूनच मिसळून आणले होते: विटकरी, वाळूचा, राखाडी आणि चॉकलेटी. मशीनला आठवणी नसतात, असा त्याचा अंदाज. चार चौकोन लावले. ऊन होतं, तासाभरात सुकले. चौकोन चांगले दिसत होते, साधे, कुणाशी वैर नसलेले. अर्धाथेंबाचा जीव भांड्यात पडला. बाईंनी खुर्ची ओढली, खिशातून दातांच्या शेडची पट्टी काढली. लोखंडी पट्टीवर सोळा खोटे दात ओळीनं बसवलेले, पांढऱ्यापासून पार पिवळ्यापर्यंत. बाईंना शेड बघायची म्हटलं की ती हातात लागायचीच, भाजी घ्यायलाही घेऊन जात असाव्यात.

"कोरडं काय बघताय?" त्या म्हणाल्या. "पाणी ओता."

त्यानं तांब्या भरला आणि चौकोनांवर ओतला.

विटकरी गेला. वाळूचा गेला. राखाडी आणि चॉकलेटी तर सगळ्यात आधी गेले. चारही चौकोनांत एकच रंग उभा राहिला, आणि तो हौदातल्या पाण्याशी असा मिळाला की चौकोन कुठे लावले होते तेही कळेना. मालकाला साय दिसायची, तसं बाईंना विटकरी दिसत असणार, हे अर्धाथेंब धरूनच चालला होता.

बाईंनी खाली वाकून पाहिलं. पट्टीतला एक दात ओल्यावर टेकवला, उचलला.

"तुम्हाला काय दिसतंय पेंटर?"

"विटकरी," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका. तीस वर्षं माणसांची तोंडंच बघतेय मी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तो रंग दुसऱ्या कुणाला दिसला होता. अर्धाथेंबाला बरं वाटायला हवं होतं. त्यानं रिकामा तांब्या पुन्हा भरला आणि तसाच खाली ठेवला. मग दोघांनीही शहाण्या माणसांसारखं कारण शोधून काढलं: खालचा जुना रंग वर येत असणार, शिवाय पाण्याची झाक पडते. उद्या घासून कोबा मोकळा करतो, प्रायमर मारतो, मग बघू. बाईंनी मान हलवली. दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता, पण ठरलं.

गुरुवारी त्यानं पॉलिश पेपरनं घासून घासून सिमेंट उघडं केलं. जुन्या रंगाचा कणही ठेवला नाही. बोटांची सालं निघाली. प्रायमर मारला, सुकवला, नवे चौकोन लावले. बाई पुढचे पेशंट आटोपून चारला आल्या. चहा आणला होता, तो दोघांनीही घेतला नाही. सव्वाचारला त्यानं तांब्या ओतला. पुन्हा तेच.

आळीत कुठेतरी कुणी गाडीचं इंजिन चालू करून बंद केलं. ऊन हौदावर आडवं आलं आणि पाणी त्या रंगाचं झालं, जो साडेचारला होतो.

मग दाराशी, कोरड्या कोब्यावर, एक पाऊल उमटलं.

उजवं. टाच, चवडा, चार बोटं. करंगळी टेकलेली नव्हती. मग डावं. मग पुन्हा उजवं. घाई नव्हती, थांबणंही नव्हतं. पावलं लांबच्या बाजूनं गेली, आखूड बाजूनं वळली, परत येताना अगदी यांच्या खुर्चीजवळून गेली, इतकी की बाईंनी आपले पाय आत घेतले, जसे आपण कुणाला वाट देताना घेतो. पुन्हा दारावरून पुढे. पलीकडच्या कोपऱ्यावर आली आणि वळली नाहीत. शेवटचं पाऊल कुठे होतं ते दिसलंच नाही, कारण तिथे पाणी की कोबा हेच कळत नव्हतं. पाणी हललं नाही, आवाज झाला नाही. मागची पावलं मात्र एकामागून एक सुकत आली, ज्या क्रमानं पडली त्याच क्रमानं.



"हौद भरल्यापासून रोज," बाई म्हणाल्या. आवाज असा, की जणू पाणी येण्याची वेळ सांगताहेत. "करंगळी त्यांची लहानपणापासून वर होती. बूट कधी धड बसले नाहीत मामंजींना."

मग त्या, पट्टीवरचे दात एकेक फिरवत, बोलत गेल्या. नवऱ्यानं त्यांना एका शब्दानं दोष दिला नव्हता. नुसतं या दाराला कुलूप घातलं त्यानं. मग जेवताना समोरच्या खुर्चीऐवजी शेजारच्या खुर्चीत बसायची सवय लागली त्याला. आणि तीन वर्षांपूर्वी मुलीकडे चार दिवस म्हणून गेला तो तिकडेच राहिला. न बोलता जितकं बोलता येतं तितकं सगळं त्यानं बोलून घेतलं होतं. आणि त्याचं काय चुकलं? पाणी आणि फरशी एक दिसू दे, हे कोण म्हणालं होतं? सासऱ्यांचे डोळे कुणाला ठाऊक होते? रंग माझा होता, बाई म्हणाल्या. तुम्ही काय, सांगितलं ते काम केलंत. तुम्हाला बोलावलंय ते याच्यासाठीच. काठ दिसेल अशी शेड निघाली तर नात येईल. नाही तर रविवारच्या आत हौद बुजवून टाकणार, आणि मुलीला सांगणार की येऊ नका.

इथे अर्धाथेंबाला तोंड उघडता आलं असतं. त्यानं उघडलंही. म्हणाला, उद्या येतो.

घरी तो भाताच्या पांढऱ्या ताटलीकडे बघत बसला. बायकोनं दोनदा वाढू का म्हणून विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. हात धुताना त्यानंच विषय काढला, भिंतीकडे तोंड करून: समजा एखादी गोष्ट एकट्यालाच ठाऊक आहे, आणि ती न सांगितल्यानं आता कुणाचं काही बिघडत नाही, तर सांगावी का?

"बिघडत नसतं तर तुम्ही मला विचारलं नसतं," बायको म्हणाली, आणि ताटली उचलून घेऊन गेली. कुठली गोष्ट, हे तिनं विचारलं नाही. अकरा वर्षं पांढऱ्या रंगाशेजारी राहिलेली बाई ती, तिला घाई नव्हती.

शुक्रवारी तो दोनलाच गेला. फळीवरची नळ्यांची पेटी बरोबर आणली होती, पण उघडली नाही. बाई खुर्चीत बसेपर्यंत थांबला आणि उभ्यानंच सांगून टाकलं. घड्याळकाका इथे, या जागी येऊन उभे राहिले होते. मी ब्रश धूत होतो. त्यांनी मला विचारलं, काठ कुठे ठेवलास. त्यांना दिसत नव्हता, बाई. त्यांनी सांगितलं मला. पाच दिवस आधी. तेव्हाच कडेला एक पट्टा मारला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं, डब्यात रंग उरलेला होता.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"तीच तर गंमत आहे, म्हणालो."

"हसलात?"

"हसलो."

बाई उठल्या. पट्टी खुर्चीत राहिली. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं, आणि आतून कडी सरकली.

अर्धाथेंब बाहेर राहिला, म्हणजे हौदापाशी. बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता; कुंपणाची भिंत पुरुषभर उंच आणि त्याचं वय अठ्ठावन्न. तो दाराशी बसला, त्याच जागी. त्याला वाटलं होतं, बोलून टाकलं की घसा मोकळा होईल. तसं काही झालं नाही. उलट आता वाक्य दोघांकडे होतं, आणि त्यातलं त्याच्याकडचं काही कमी झालेलं नव्हतं. पाणी उन्हात हळूहळू रंग धरत होतं. त्यानं घड्याळ बघितलं नाही. इथे त्याची गरज नव्हती.

तीनच्या सुमाराला कडी निघाली. बाईंचे डोळे लाल होते आणि हातात एक लहानशी डबी होती.

"अकरा वर्षं तो रंग मी माझा एकटीचा धरून बसले," त्या म्हणाल्या. "अर्धा तुमचा होता. एवढं सांगायला तुम्हाला अकरा वर्षं लागली." त्यानं मान खाली घातली. बाई पुढे म्हणाल्या की माफी वगैरे मागू नका, ती कशी द्यायची ते मला येत नाही. आणि डबी उघडून त्याच्यापुढे धरली.

आत कवळी होती. घड्याळकाकांची. बाईंनीच बनवलेली. सगळे म्हातारे पांढरे दात मागतात, मामंजी एकटेच म्हणाले होते, माझे होते तसेच पिवळे दे, नाही तर लोकांना वाटेल दुसराच कुणी बोलतोय. पट्टीतल्या सोळांतला शेवटून दुसरा. त्यासाठी त्यांना तीन वेळा खुर्चीत बसवावं लागलं होतं आणि दर वेळी दात ओला करून बघावा लागला होता, कारण दातही कोरडा बघायचा नसतो.

"हा काठाला लावा," बाई म्हणाल्या. "फक्त काठाला, वीतभर. मशीनचा नको, हातानं करा."

अर्धाथेंबानं पेटी उघडली. अकरा वर्षांनी नळ्यांची झाकणं निघेनात, दातांनी काढावी लागली, तेव्हा बाईंनी सवयीनं नाराजी दाखवली. पांढऱ्यात त्यानं पिवळा सोडला, तपकिरी सोडला, काळ्याचा एक थेंब. काठी फिरवली. एक वेळा, दोन वेळा, तीन. चौथ्या वेळेला त्यानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डब्यात एका म्हाताऱ्या माणसाचा दात होता आणि बाकी काही नव्हतं.

पुठ्ठ्यावर बोट ओढून त्यानं पाणी टाकलं, कवळी शेजारी धरली. बाईंनी वाकून पाहिलं, म्हणाल्या, जमलं. त्याच्या हातात काडी आलेली होती, टोक तपकिरीत बुडालेलंही होतं. त्यानं ती तशीच बघितली, फडक्याला पुसली आणि पेटीत ठेवली.

मग गुडघ्यांवर बसून त्यानं पट्टा ओढायला घेतला. पायाला धरावा म्हणून रंगात बारीक वाळू घातली होती. पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. बाई पुढे पुढे जाऊन केर झाडत होत्या, साठीच्या बाई, वाकून. सव्वाचारला तीन बाजू झाल्या, चौथी होता होता ऊन आडवं आलं. शेवटचा हात त्यानं दाराशी मारला आणि मागे सरून भिंतीला टेकला. पट्टा ओला होता, पाणी त्या रंगाचं झालेलं होतं, कोबाही. पण दोघांच्या मधोमध, चारही बाजूंनी, ते पिवळट दात दिसत होते. देखणे मुळीच नव्हते. मासिकात कुणी छापलं नसतं.

पहिलं पाऊल दाराशीच पडलं, त्याच्या गुडघ्यापासून हातभर. टाच, चवडा, चार बोटं.

पावलं लांबच्या बाजूनं गेली. आखूड बाजूनं वळली. खुर्चीजवळून आली, दारावरून पुढे गेली. पलीकडचा कोपरा आला. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी उमटली आणि थांबली, बोटं पट्ट्याच्या अलीकडे. बराच वेळ पुढचं पाऊल पडेना. मागची सुकू लागली. बाईंनी अर्धाथेंबाची बाही धरली होती, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

मग पाऊल वळलं.

"एक," बाई म्हणाल्या. आवाज फुटला नव्हता, नुसते ओठ.

त्यांनी वीस मोजल्या. दहाच्या पुढे अर्धाथेंबही मोजू लागला. पुढच्या कुठल्याच फेरीला पहिलं पाऊल वाळेपर्यंत वेळ लागला नाही. विसावी फेरी पुरी झाली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं, पावलं दाराशी आली होती आणि आत जायची सोडून अर्धाथेंबाकडे वळली. त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. दोन. ओली. करंगळ्या नसलेली. वाट बघणाऱ्या माणसाची असतात तशी, थोडी फाकलेली.

अर्धाथेंब उठून उभा राहिला, जसं वडीलधाऱ्यांपुढे राहतात. गुडघ्यांवर दोन्ही बाजूंना पिवळा रंग होता. त्यानं हात लांब करून दाखवलं.

"इथे, काका. इथे आहे काठ."

पावलांखालचं पाणी जागच्या जागी थरथरलं की उन्हाचा भास झाला, कोण सांगणार. मग ती टाचांकडून सुकायला लागली. बोटं शेवटी गेली. डाव्या पायाचा अंगठा सगळ्यात शेवटी, तो तर बराच वेळ राहिला.

बाईंनी बाही सोडली. खुर्चीतली पट्टी उचलून खिशात घातली, डबी बंद केली.

"माझ्याशी बोलताना एवढा मोठा आवाज नव्हता तुमचा," त्या म्हणाल्या.

मग त्या आत फोन करायला गेल्या. दार उघडं होतं, त्यामुळे त्यांचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं: रविवारी या. हो, सगळे. बाबांनाही सांग, नाही, तू नको, फोन दे त्यांना. मग खूप वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही.

अर्धाथेंब ब्रश धुवायला बसला. उरलेला कोबा उद्या करायचा होता आणि त्याची शेड अजून ठरायची होती. बाई विटकरीच म्हणतील, असा त्याचा अंदाज होता. ब्रशमधून पिवळं पाणी निघत होतं. तो बघत राहिला, ते निळं होतंय का. झालं नाही. तरी त्यानं ब्रश पुन्हा एकदा धुतला, आणि मग आणखी एकदा.